भोक कुणी पाडलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'अकूस्टिक रिसर्च' कंपनीवरचा लेख वाचला. स्पीकरसारख्या विषयाला अर्धं पान दिल्याबद्दल आभार. हा आनंद दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला. तिथे लेखकमहाशय सांगतात की, 'खोक्याच्या भोकातून मोकळा होणारा खर्ज' ही या कंपनीची खासियत. अहो, त्या खोक्याला भोकच नाही! ते नाही म्हणून तर ती कंपनी निघाली.

एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला धंदा मांडला तो याच एका कल्पनेवर. तोवर चांगला बास हवा तर कपाटाएवढं खोकं लागायचं. वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचा, कागद कडक सस्पेन्शनवर, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या आधारावर, बसवलेला असे. तो जोरात हलला की सस्पेन्शनची ओढ कमीजास्त व्हायची आणि आवाज फाटायचा. व्हिल्चरनी सस्पेन्शन मुद्दाम ढिलं ठेवलं आणि खोकं हवाबंद केलं. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करू लागली, आणि या स्प्रिंगची ओढ पुढेमागे सारखी. खोकं लहान झालं, बास स्वच्छ झाला. ॲम्प्लिफायर तेवढा दमदार लागतो, ही त्याची किंमत. पहिल्या नमुन्यात वूफरच्या कडेला गादीच्या अभ्र्याचं कापड वापरलं होतं, आणि त्या कामात व्हिल्चर यांच्या पत्नी रोझमेरी यांचा हात होता. त्यांचं नाव लेखात शोधून सापडत नाही. क्लॉस यांच्या पुढच्या कंपनीला मात्र स्वतंत्र चौकट!

मी एवढा तापलोय त्याला कारण आहे. सत्तरच्या दशकातली या कंपनीची एक जोडी माझ्याकडे आहे, मामांनी परदेशातून येताना आणलेली. वूफरच्या फोमच्या कडांचा भुगा झाला, जुन्या फोमचा होतोच. नव्या कडा लावायला एका कारागिराकडे दिली. नाव लिहीत नाही, माणूस अजून धंद्यात आहे. जोडी परत आली तर दोन्ही खोक्यांच्या मागच्या फळीला मूठ जाईल एवढं भोक आणि त्यात काळी चकचकीत नळी. "साहेब, कंपनीकडून राहून गेलं होतं, मी पाडून दिलं. आता बास ऐका." ऐकला. खालचे सूर आले की मागे हवेचा आधार नसलेला वूफर मोकाट सुटायचा आणि आतली कॉइल टकटक आपटायची. आत भरलेली काचेची लोकर त्याने 'कचरा' म्हणून काढून टाकली होती. आणि भोकाचे पैसे बिलात वेगळे लावले होते! मी वाद घातला तर म्हणाला, "सगळ्या चांगल्या स्पीकरला भोक असतं." आता त्याच्या हातात आपल्या पुरवणीचं कात्रण आहे असं समजा. मी काय बोलणार?

याच कंपनीची गॅरंटी पाच वर्षांची असे. सुटे भाग, मजुरी, इतकंच काय, कारखान्यापर्यंत न्याआणायचं भाडंही कंपनी सोसायची. हे लेखात यायला हवं होतं. फाइन आर्ट्स क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीचे वादक मंचावर नुसते गज फिरवतात, आवाज स्पीकरमधून येतो आणि श्रोत्यांना फरक कळत नाही, कंपनीच्या त्या प्रयोगांना लेखकांनी 'जाहिरातबाजी' म्हटलंय. असेल. पण अशी जाहिरात करायला छातीही लागते.

१९६७ साली कंपनी टेलिडाइन या दुसऱ्या कंपनीला विकली गेली आणि लेखही तिथेच उरकला. व्हिल्चर पुढे श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले आणि त्यातल्या शोधाचं पेटंटही घेतलं नाही, यासाठी एक ओळ मिळाली असती तर बिघडलं नसतं. शिवाय सोबतचा फोटो भलत्याच, नळीवाल्या स्पीकरचा आहे. फोटो हवाच होता तर अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात याच कंपनीचा 'एआर-३' स्पीकर आहे, त्याचा छापायचा. त्याला अजून कुणी कारागीर भेटलेला नाही.

दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. फोटोवरच मजकूर छापायची हौस कुणाची? करड्या ढगांवर पांढरी अक्षरं! शेवटचा परिच्छेद खिडकीशी नेऊन वाचावा लागला. दुरुस्ती तरी पांढऱ्यावर काळी छापा.