ऱ्होड्सची सहा आठवड्यांची चिकाटी

मा. संपादक,

शस्त्रसंधीच्या बातमीत हस्तांदोलनाचा फोटो मोठा असतो, आधीची खटपट दिसत नाही. ती समजून घ्यायची तर संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी राल्फ बंच यांचे १९४९ मधील इस्रायल-अरब शस्त्रसंधीचे काम पाहावे. सप्टेंबर १९४८ मध्ये जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांची हत्या झाली आणि जबाबदारी बंच यांच्यावर आली.

सगळ्या अरब देशांना एकत्र न बसवता त्यांनी एकेकाची इस्रायलशी बोलणी लावली, आधी इजिप्तची. १३ जानेवारीला ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर बोलणी सुरू झाली. दोन्ही शिष्टमंडळे एकाच हॉटेलात होती. बंच खोल्या-खोल्यांतून मसुदे फिरवत आणि वाद पेटेल तिथे शब्द बदलत. खरी अडचण पॅलेस्टाईनमधील फालुजा गावाची होती. तिथे इजिप्तची सुमारे चार हजारांची फौज इस्रायलच्या वेढ्यात अडकली होती (पुढे इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष झालेले तरुण नासर त्यातच होते). तिची सुटका आणि सीमेजवळच्या औजा भागात कोणीच सैन्य ठेवायचे नाही हे ठरल्यावर २४ फेब्रुवारीला सह्या झाल्या. अंमलबजावणीसाठी सात जणांचा संयुक्त आयोग नेमला गेला. त्यात दोन्ही बाजूंचे तीन-तीन सदस्य आणि अध्यक्ष संयुक्त राष्ट्रांचा होता. जुलैपर्यंत लेबनॉन, जॉर्डन आणि सीरियाचेही करार झाले.

करारात एक कलम मुद्दाम घातले होते: शस्त्रसंधीची रेषा म्हणजे राजकीय सीमा नव्हे. त्यावाचून कोणी सही केली नसती. पण सीमेचा प्रश्न लोंबकळत राहिला तोही त्यामुळेच. १९५० चे नोबेल बंच यांना शस्त्रसंधीसाठी मिळाले. कायमचा तह त्यांच्या हाती कधीच नव्हता.

– एक वाचक