चारीचं पाणी आणि टॉवरचा हिशेब

पुणे

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष झालास, म्हणजे आता दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. अभिनंदन! कालव्याच्या चारीच्या शेवटी असलेल्या टेलवाल्यांचं पाणी दर आवर्तनात (पाणी सुटण्याच्या फेरीत) तुटतं आणि वरचे म्हणतात 'आम्ही नियमानंच घेतलं', हे वाचून हसू आलं. आमच्या मोबाइल टॉवरपुढेही हाच तंटा असतो. फक्त फोर-जीचा टॉवर 'पाळी कुणाची' हे सेकंदाला हजारदा ठरवतो.

समज, दोनच फोन आहेत. सगळा वेळ दिला तर जवळच्याला 40 एमबीपीएस मिळतील, लांबच्याला 4. एकूण डेटा जास्तीत जास्त जावा असं गणित मांडलं, तर सगळा वेळ जवळच्याला आणि लांबचा कोरडा. दोघांना तंतोतंत सारखं द्यायचं, तर अकरातला दहा भाग वेळ लांबच्यावर जातो आणि दोघांच्या पदरी जेमतेम 3.6 पडतात. म्हणून वाट्यांची बेरीज सोडून गुणाकार मोठ्यात मोठा करायचा. एकाचा वाटा शून्य झाला की गुणाकारही शून्य, त्यामुळे कुणाला उपाशी ठेवताच येत नाही. उत्तर निघतं निम्मा-निम्मा वेळ: 20 आणि 2. गणितज्ञ जॉन नॅशनं 1950 साली वाटाघाटींसाठी मांडलेलं हे गणित. 1990च्या दशकात फ्रँक केली या गणितज्ञानं नेटवर्कसाठी याच जातीचं मांडलं.

टॉवर प्रत्यक्षात एकच भागाकार करतो: आत्ता मिळू शकणारा वेग भागिले आजवरची सरासरी. ज्याचं उत्तर मोठं, त्याची पाळी. ज्याला मिळालं नाही त्याची सरासरी घसरते आणि नंबर आपोआप वर सरकतो. ही सरासरी जुनं हळूहळू विसरतेही, नाहीतर आजोबांच्या वेळची थकबाकी मागणारे निघतील (तुमच्याकडे तर नक्कीच).

पण हे जसंच्या तसं चारीवर लावू नकोस. व्हिडिओ अडकला तर माणूस चरफडतो. दाणे भरताना गव्हाचं पाणी चुकलं तर उतारा गेलाच. तिथे मी आधी सगळ्यात कमी मिळालेल्याचं भरणं करीन. शेजपाळी, म्हणजे शेताला लागून शेत अशी क्रमानं पाळी, टेलकडून सुरू करतात ती उगाच नाही. तुमचा पाटकरी वरून दारं उघडत येतो, हे मला अजिबात पटलेलं नाही.

घ्यायची ती टॉवरची वही, म्हणजे कुणाला आजवर किती मिळालं याची नोंद. तुमच्याकडे आवर्तन संपलं की खातं कोरं. तसं न करता तुटलेलं पाणी पुढच्या पाळीत ओढा. नुसते तास मोजू नका, टेलपर्यंतची गळती धरून हेक्टरी पाणी मोजा.

गेल्या रब्बीच्या रजिस्टरचे फोटो पाठव, मी एक्सेलमध्ये मांडून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर