टॅक्स कापला वॉशिंग्टनने, खड्डा पडला राज्याला

संपादक महोदय,
मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात राहतो. 4 जुलै 2025 ला ट्रम्प यांनी टॅक्स कपातीच्या कायद्यावर सही केली, त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या, पण राज्यांच्या तिजोरीचं काय झालं यावर फार कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. आमच्या राज्याच्या टॅक्स फॉर्मवर पहिल्याच ओळीत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारला भरायच्या रिटर्नमधला करपात्र उत्पन्नाचा आकडा उतरवायचा असतो, म्हणजे वॉशिंग्टनने सूट वाढवली की इथली वसुली आपोआप घटते, राज्याला कुणी विचारतसुद्धा नाही. बरं, राज्याला तुटीचं बजेट मांडता येत नाही, त्यामुळे ऑगस्टमध्ये खास अधिवेशन बोलवून पैशाची जुळवाजुळव करावी लागली. वर फूड स्टॅम्पच्या, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी कार्डावर मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, ऑफिस खर्चातला राज्याचा वाटा ऑक्टोबर 2026 पासून 50 वरून 75 टक्के ठरलाय. आमच्या शेजारच्या आजी त्याच कार्डावर दूध, अंडी आणतात, दुकानात आधी बॅलन्स बघतात आणि मग पिशवीतली एखादी वस्तू परत ठेवतात, बघून पोटात तुटतं हो. कपात करायची तर करा, पण राज्यांना निदान वर्षभर आधी सांगा.

— एक वाचक, डेन्व्हर