बाबा, इथल्या फायरमन लोकांची मोटरसायकल फेरी

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
जून

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी "रविवारी दिवसभर मोटरसायकलवर होते" म्हटलं आणि आईने पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. म्हणून हे पत्र. आई, आधी तुझ्यासाठी: गाडी मी चालवत नव्हते, मागे बसले होते. डोक्यावर हेल्मेट होतं, आणि या राज्यात ते सक्तीचंच आहे. अंगात जाड जाकीट, पायात बूट. वेग आपल्या एसटीएवढाच. झालं समाधान? आता बाबांशी बोलते.

बाबा, आमच्या समोरच्या घरात राहणारे गृहस्थ जवळच्या एका गावाच्या फायर ब्रिगेडमधून निवृत्त झालेत. तुमच्याबद्दल मी त्यांना मागेच सांगितलं होतं. तेव्हापासून मला हाक मारताना ते माझं नावच घेत नाहीत, "मुंबईच्या फायरमनची मुलगी" म्हणतात. दरवर्षी ते अशा एका फेरीत जातात. कामावर असताना मरण पावलेल्या फायरमन लोकांच्या आठवणीत मोटरसायकलवाले एकत्र येतात, ठरलेल्या रस्त्याने जातात, शेवटी नावं वाचतात आणि जमलेले पैसे त्यांच्या घरच्यांसाठीच्या निधीला देतात. या वर्षी त्यांच्या बायकोचा गुडघा दुखतोय, त्यामुळे मागची सीट रिकामी होती. तुमचे जावई म्हणाले, "तू जा, मुलांना मी बघतो." ही संधी पुन्हा येईल न येईल म्हणून मी निघालेच.

बाइक रॅली म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडचं चित्र येतं. तिघे-तिघे एका गाडीवर, सायलेन्सर काढलेला, कोणाच्या तरी नावाचा जयघोष. इथे सकाळी एका फायर स्टेशनच्या आवारात जमलो तर सगळे पन्नाशी-साठीचे, पोट सुटलेले, दाढ्या पांढऱ्या. हार्ले आणि होंडाच्या त्या सोफ्यासारख्या गाड्या. कागदावर सही करायची, वर्गणी भरायची, कॉफी आणि डोनट घ्यायचे. जाकिटांच्या पाठीवर लाल-पांढरी बोधचिन्हं होती, त्यांतली बरीच "रेड नाइट्स"ची. हा फक्त फायर ब्रिगेडवाल्यांचा मोटरसायकल क्लब. तो 1982 मध्ये इथून हाकेच्या अंतरावर, बॉयल्स्टन नावाच्या छोट्या गावात सुरू झाला आणि आता त्याच्या शाखा कितीतरी देशांत आहेत. आमचे शेजारी हे सांगताना असे फुलले होते, की जणू क्लब त्यांच्याच गॅरेजमध्ये स्थापन झाला.

निघण्याआधी एकाने सगळ्यांना गोल उभं करून शिस्त सांगितली. दोन रांगा, पण शेजारी शेजारी नाही. एक गाडी डावीकडे, तिच्या मागची उजवीकडे, म्हणजे कोणी अचानक ब्रेक मारला तर पुढे मोकळी जागा राहते. मध्येच कोणी कोणाला ओलांडायचं नाही. चौकात पोलीस वाहतूक अडवतील, पण म्हणून डोळे मिटून जायचं नाही. बाबा, तुम्ही तिथे असतात तर खूश झाला असतात. तुमच्या ड्रिलच्या आधीचा तो कोरडा, न हसणारा आवाज असतो ना, अगदी तोच होता.

रस्ता सुंदर होता, पण त्याबद्दल फार लिहीत नाही. क्विन्सिगामंड तलाव, त्यावरचा पूल, मग वूस्टर शहर. एका पुलावर दोन बंब समोरासमोर उभे करून त्यांच्या शिड्या वर एकमेकींना टेकवल्या होत्या. मधोमध भलामोठा झेंडा लोंबत होता आणि आम्ही त्याखालून गेलो. फुटपाथवर माणसं उभी होती. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं, नुसते हात वर करत होते. एका घराच्या पायरीवर एक म्हातारी आरामखुर्चीत बसून प्रत्येक गाडीला सलाम ठोकत होती. तिच्यामागे उभा असलेला नातू कंटाळून मोबाइलमध्ये बघत होता.

मला तुम्हाला खरं सांगायचंय ते फ्रँकलिन स्ट्रीटचं.

तिथे आमच्या गाड्या थांबल्या, इंजिनं बंद झाली. समोर फायर स्टेशन आहे, नेहमीसारखंच, दारं वर केलेली, आत बंब. पण 1999 पर्यंत या जागी एक कोल्ड स्टोरेजची इमारत होती. 1906 सालची, विटांची, सहा मजली, आणि वरच्या मजल्यांना खिडक्याच नाहीत. थंडी आत राहावी म्हणून भिंतींना आतून कॉर्क, डांबर आणि पुढच्या काळात फोम यांचे थरावर थर चढवलेले. गोदाम कित्येक वर्षं बंद होतं आणि एक बेघर जोडपं आत राहत होतं. 3 डिसेंबरला त्यांच्या हातून मेणबत्ती पडली, आग लागली, त्यांनी विझवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसे ते निघून गेले. कोणाला कळवलं नाही. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास धूर दिसला आणि वर्दी गेली.

बंब पोचले तेव्हा कोणीतरी सांगितलं, आत माणसं राहतात. मग झालं. पॉल ब्रदर्टन आणि जेरी ल्यूसी हे दोघे शोधायला वर गेले. धूर खाली बसला, काळा, हाताला हात दिसेना. खिडकी नाही की फोडून बाहेर डोकं काढावं. प्रत्येक मजल्यावर सारख्याच खोल्या. वाट चुकली. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली तसे ते वायरलेसवर सांगू लागले की आम्ही हरवलोय. त्यांना काढायला आणखी गेले आणि त्यांतले चार परतले नाहीत. सहा माणसं. आणि ज्यांना शोधायला पहिले दोघे गेले होते, ते दोघे त्या वेळी इमारतीत नव्हतेच.

त्यानंतरचा भाग शेजाऱ्यांनी मला तिथेच, गाडीला टेकून सांगितला. जिन्याच्या तोंडाशी डिस्ट्रिक्ट चीफ माइक मॅकनामी उभे होते. समोर त्यांचीच माणसं, मास्क चढवलेली, आत जायला निघालेली. आतले सहाजण त्या सगळ्यांचे मित्र, एका पंगतीत जेवणारे. मॅकनामींनी दार अडवलं आणि सांगितलं, आता कोणीही आत जाणार नाही. लोक ओरडले, रडले, त्यांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. ते हलले नाहीत. सगळ्या मृतदेहांना बाहेर काढायला पुढे आठवड्याहून जास्त लागला.

बाबा, लहानपणी तुम्ही आम्हाला सांगायचात, "आत माणूस आहे असं कळलं की डोकं बाजूला ठेवायचं आणि शिरायचं." मी हे वाक्य शाळेतल्या निबंधातसुद्धा लिहिलं होतं आणि त्यावर बाईंनी लाल शाईने "छान" असा शेरा दिला होता. रविवारी तिथे उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, की शिरणाऱ्याचं धैर्य सगळ्यांना दिसतं, पण दार अडवणाऱ्याचं काय? त्याला तर आयुष्यभर त्या सहाजणांच्या घरच्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचाय. मी हे बोलले तर शेजारी म्हणाले, या धंद्यात प्रत्येकाला आत कसं जायचं ते शिकवतात, बाहेर कधी राहायचं ते शिकवायला आम्हाला फार माणसं गमवावी लागली. त्या आगीनंतर धुरातून पाहणारे थर्मल कॅमेरे इथल्या छोट्या छोट्या गावांच्या ब्रिगेडकडेही आले. पण वूस्टरची यादी तिथे थांबली नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये एक फायरमन पडणाऱ्या घराखाली सापडला. तोही आत राहिलेल्या भाडेकरूला शोधत होता, आणि तो भाडेकरूही आत नव्हताच. मग 2018, मग 2019. एका मध्यम आकाराच्या शहरात वीस वर्षांत नऊ जण.

नावं वाचली ती शेवटी, बॉयल्स्टनच्या मैदानात. एक पितळी घंटा होती. पाच ठोके, थोडं थांबून पुन्हा पाच, पुन्हा पाच, पुन्हा पाच. ही जुन्या तारयंत्राच्या काळातली रीत. फोन नव्हते तेव्हा रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पेटीतून तारेने वर्दी जायची. जगातली अशी पहिली यंत्रणा 1852 मध्ये इथल्या बॉस्टन शहरात बसली. न्यूयॉर्कमध्ये फायरमन गेला की त्याच तारेवर सगळ्या स्टेशनांना हे पाच-पाच ठोके पाठवायचे. आता तार गेली, ठोके राहिले. मला मात्र भायखळ्याच्या क्वार्टर्समधली आपली घंटा आठवली. ती वाजली की तुम्ही भाताचं ताट तसंच सरकवून जिन्याकडे पळायचात आणि आई त्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवायची. कधी कधी ते दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच असायचं.

नावं वाचताना बायका-मुलं पुढे उभी होती. प्रत्येक नावाला एक गुलाब. बॅगपाइप वाजले. मोटरसायकलवाले सगळे हेल्मेट छातीशी धरून उभे. मी रडले नाही, आई. धूळ गेली होती डोळ्यात.

जेवताना (सॉसेज, बटाट्याचं सॅलड आणि मला दिलेला नुसता पाव) मला त्यांनी मुंबईबद्दल विचारलं. मी 14 एप्रिलचं सांगितलं. व्हिक्टोरिया डॉक, 1944, फोर्ट स्टिकिन जहाज, पोटात कापसाच्या गाठी आणि त्याच जहाजात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. आग दिसल्यावर आपली माणसं दुपारपासून जहाजावर पाणी मारत होती आणि चारच्या सुमारास स्फोट झाला. एकट्या फायर ब्रिगेडचे 66 गेले. टेबलावर एकदम शांतता. एकाने पुन्हा विचारलं, "सहा?" मी म्हटलं, सहासष्ट. मग त्यांनी कापसाबद्दल, जहाजाबद्दल, धक्क्याबद्दल प्रश्नांचा असा भडिमार केला, की तुम्हीच उत्तरं द्यायला हवे होतात. काळबादेवीचंही सांगितलं. 9 मे 2015, गोकुळ निवास इमारतीची आग, चार अधिकारी गेले, त्यांत खुद्द चीफ नेसरीकर साहेब. चीफ स्वतः आगीत गेला होता हे ऐकून शेजाऱ्यांनी नुसती मान हलवली.

सगळंच काही आवडलं असं नाही. आवाजाने अजून कान दुखतायत. मृतांच्या नावाचे टी-शर्ट वीस डॉलरला विकायला ठेवले होते आणि शेवटी मोटरसायकलच्या सुट्या भागांची लॉटरी काढली, ते मला जरा खटकलं. पण आपल्याकडे 14 एप्रिलला भायखळ्याच्या स्मारकाला हार घातला जातो, बिगुल वाजतो, आणि बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधल्या किती लोकांना माहीत असतं आत काय चाललंय? लॉटरी काढा, पण लोकांना कळू तरी दे, असं माझं मत झालंय. तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. रविवारी वाचलेल्या नावांतली निम्मी आगीत गेलेल्यांची नव्हती. हार्ट अटॅक आणि कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2022 मध्ये फायरमनचं काम हेच कॅन्सरचं सिद्ध कारण म्हणून नोंदवलंय. धुरातलं जे कपड्यांवर बसतं ते कातडीतून आणि श्वासातून आत जातं. पूर्वी इथेही काजळलेलं जाकीट मिरवायचे. आता आगीच्या जागेवरच धुतात, गाडीत पुढे ठेवत नाहीत, घरी तर आणतच नाहीत. आणि तुमचा युनिफॉर्म? स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला. ताई आणि मी त्याचा वास घ्यायचो, बाबा आले म्हणून. तुम्हाला तो सकाळचा खोकला किती वर्षांपासून आहे? "जुना आहे, जाईल" हे उत्तर चालणार नाही. दादाला मी फोन करून सांगितलंय, तो तुम्हाला सातारला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जाईल. डॉक्टरांना तुमची नोकरी काय होती ते आधी सांगा, बीडी ओढत नाही हे नंतर.

आणखी एक. शेजाऱ्यांना तुमच्याकडून हवंय आणि खरं तर मलाही. तुमच्या वेळी असं दार कोणी अडवलं होतं का? तुम्हाला अडवलं होतं का, की तुम्ही कोणाला अडवलंत? तुम्ही आम्हाला कधी काही सांगितलं नाहीत, आम्ही विचारलंही नाही. लिहायचा कंटाळा आला तर नातवाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा, मी इथे इंग्रजी करून त्यांना ऐकवीन. मधे मधे शिव्या आल्या तरी चालतील, मी गाळीन.

आई, मेथीचं बी आणि गोडा मसाला ताईच्या हाती दिलास तर पोचेल, ती ऑगस्टमध्ये येतेय. पाऊस सुरू झाला का ते कळव. मुलं आजी-आजोबांना पापा देतायत.

तुमची,
मोठी