पद्या, मेल खरा निघाला

प्रिय पद्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, आता लिहितोय ते पण काम पडलं म्हणून, तर काय शिव्या द्यायच्या त्या फोनवर दे. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर आटोक्यात. आता मुद्द्यावर येतो, कारण हे इथे कोणालाही सांगितलं की एकच उत्तर मिळतं, "मेल खरा होता ना, मग झालं तर." तुला मात्र कळेल काय झालं ते.

ऐन मार्चएंडला संस्थेच्या मेलवर आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या नावाने मेल आला. आम्ही काही मागितलेलं नाही, तक्रार केलेली नाही. विषय अर्जंट. ठेवींच्या व्याजाच्या हिशोबात चूक सापडलीय, ३१ तारखेच्या आत हा अपडेट टाका नाहीतर लायसन्स बंद होईल. खाली लिंक, ती पण त्यांच्या साइटची नाही, फुकट फाइल ठेवायच्या कुठल्यातरी ड्राइव्हची. तिथे झिप, झिपला पासवर्ड, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये. आणि आता नीट बस, शेवटची ओळ होती "इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करावा".

तू असतास तर हसत सुटला असतास. पासवर्ड ज्या मेलात त्याच मेलात लिंक, म्हणजे चोरापासून काहीच लपलं नाही, लपलं ते फक्त ब्राउझर आणि अँटीव्हायरसपासून, त्यांना कुलूपबंद झिपच्या आत बघता येत नाही ना. काउंटरवरच्या पोरीने मेल बघितला, क्लिक केलं नाही, सरळ मला हाक मारली. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मी पहिल्यांदा पत्ता बघितला. नाव कंपनीचंच, पण नावाचं काय, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहितो. पत्ता मागून वाचला, डॉट कॉमच्या लगेच आधी काय आहे ते, तर तिथे भलतंच नाव, घाऊक मेल पाठवणाऱ्या कुठल्यातरी सर्व्हिसचं. मग मेलचा सगळा तपशील दाखवणारं शो ओरिजिनल उघडलं. मेल कुठून आला ते तपासायच्या दोन चाचण्या असतात. एसपीएफ पास, डीकेआयएम पास. आमचा पप्या मागे उभा राहून म्हणतो, सर पास आहे की, मग काय! त्याला सांगता सांगता माझा घसा सुकला, की अरे पास म्हणजे एवढंच की हा मेल खरोखर त्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या त्या नावावरूनच आलाय, त्या डोमेनचा मालक सज्जन आहे असं नाही, चोराने स्वतःचं डोमेन घेऊन सगळं व्यवस्थित सेट केलं तर त्याचंही पासच येतं. बरं, स्पेलिंगवरून ओळखायचं म्हटलं तर त्यात चार शब्द चुकलेले. आणि हल्ली खोटे मेल इतके स्वच्छ भाषेत येतात की स्पेलिंगवर भरवसाच राहिला नाही.

तुला आपल्या सायबर कॅफेतला २००३ चा सप्टेंबर आठवतोय का? मायक्रोसॉफ्टच्या नावाने तो मेल यायचा, लोगो, निळी पट्टी, खाली कॉपीराइट, सोबत "सिक्युरिटी पॅच", म्हणजे दुरुस्तीची फाइल, जोडलेला. स्वेन वर्म होता तो, मेलमधून पसरणारा व्हायरस. तू छातीठोकपणे म्हणालास हा खरा, एवढा सुंदर मेल खोटा कसा असेल! आणि मी म्हणत होतो की मायक्रोसॉफ्ट पॅच मेलला जोडून पाठवतच नाही. मिसळीची पैज लागली होती, ती मिसळ अजून यायचीय. वीस वर्षांचं व्याज धरलं तर आता तुला हॉटेल काढून द्यावं लागेल.

तर मेलमधला एकही नंबर फिरवला नाही. गेल्या वर्षीचं एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीचं, बिल फाइलीतून काढलं आणि त्यावरच्या नंबरला फोन लावला. पोरगं म्हणतं, हो सर आमचाच आहे, टाका. मी विचारलं कुठला मेल, कुठली फाइल, तर त्याला काहीच माहीत नाही, तरी टाका. मग मी बाजूच्या रिकाम्या मशिनवर, नेटवर्कची वायर काढून, फाइल उघडली. सही नाही. प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅबच नाही, चालवायला गेलं की अननोन पब्लिशर. हॅश काढला, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच, तो चौसष्ट अक्षरांचा, आणि म्हटलं तुमच्या ऑफिसातल्या मूळ फाइलचा हॅश मला वाचून दाखवा. आधी त्यांना मी काय मागतोय तेच कळेना. संध्याकाळी एका वरच्या माणसाचा फोन आला, त्याने वाचला, मी एकेक अक्षर जुळवलं.

जुळला रे. मेल खरा. सगळा कचरा खरा.

आणि तोवर ऑडिटर येऊन बसलेले, चेअरमन अण्णा चिडलेले. सगळ्यांसमोर म्हणाले, तुझ्या संशयापायी संस्था बंद पाडशील. मला त्याचं काही नाही, अण्णांचं बोलणं आपण कॅफेच्या भाड्यापासून ऐकतोय. पण त्या पोरीला सगळे चिडवतात. मेल आला की "अगं बघ, व्हायरस!" आणि ती हसते, पण परवा मी बघितलं, एक मेल आला आणि तिने मला हाक न मारता उघडला. साधा मेल होता. पण उघडला. माझी झोप तिथे उडालीय. तिने केलं ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि बरोबर वागून तिला काय मिळालं तर टिंगल.

राग खरा सॉफ्टवेअरवाल्यांचा येतो. खोटा मेल ओळखायच्या जेवढ्या खुणा आपण लोकांना शिकवतो, घाई, धमकी, परकी लिंक, अँटीव्हायरस बंद करा, तेवढ्या सगळ्या यांनी स्वतःच्या खऱ्या मेलात घातल्या. आता पुढच्या वर्षी असाच खोटा आला की आमची माणसं म्हणणार, हां, यांचे मेल असेच असतात. चोरांचं अर्धं काम यांनीच करून ठेवलं. आणि चोर बरोबर घाईच्या वेळेलाच येतात. जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या अपडेटने जगभरातले विंडोज झोपले, तर लगेच "दुरुस्ती" म्हणून खोटे मेल आणि साइट निघाल्या, सरकारच्या सायबर सुरक्षेच्या सर्ट-इनला वेगळा इशारा द्यावा लागला.

आता तू तुझं जुनं पालुपद लावशील, चालतंय ते चालू दे, अपडेटच टाकू नको. २०१७ च्या मे महिन्यात यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला १२ मेला आणि त्याचा पॅच १४ मार्चलाच आलेला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले, मी तुला किती ऐकवलं होतं! आणि जूनच्या शेवटी तू न्हावा शेवा बंदरातून फोन केलास, टर्मिनलची सिस्टिम बंद, ट्रेलर जागचे हलत नाहीत, आणि पाठोपाठ कळलं की नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला होता तो युक्रेनमधल्या एमईडॉक नावाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. खऱ्या अपडेटमधून! खऱ्या कंपनीच्या, खऱ्या सर्व्हरवरून. मर्स्क या जहाज कंपनीच्या मशिनी त्यात गेल्या आणि त्यांचं टर्मिनल तुझ्या डोळ्यांसमोर थांबलं. तेव्हा तू म्हणालास, बोल आता. मी काही बोललो नव्हतो.

आज बोलतो. हॅश जुळला म्हणजे फाइल त्यांचीच, एवढंच. त्यांच्याकडेच कोणी शिरलं असेल तर मला इथे बसून कळायचं नाही. म्हणून बॅकअप घेतला, एक कॉपी वायर काढून कपाटात ठेवली, अपडेट आधी त्या रिकाम्या मशिनवर, मग काउंटर बंद झाल्यावर बाकीच्यांवर. यावर अण्णा म्हणतात हा वेळेचा नास. तू सांग, न्हावा शेव्याला ट्रेलरच्या रांगेत तू किती वेळ मोजलास?

अण्णा तुझं ऐकतात. मी सांगितलं की संशयी, तू सांगितलंस की अनुभवी. त्यांना दोन गोष्टी सांग. एक, त्या पोरीचं बोर्डासमोर नाव घेऊन कौतुक करायचं. दुसरं, मी सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र तयार केलंय, अपडेट फक्त तुमच्या साइटवर लॉगिन करून मिळू दे, फाइलवर सही घाला, हॅश तिथे लिहा, आणि अँटीव्हायरस बंद करा हे वाक्य काढा. त्यावर चेअरमनची सही पाहिजे, माझ्या सहीला ते हिंग लावून विचारणार नाहीत.

बाकी तिकडे ओमानला, सोहारला उकाडा सुरू झाला असेल. पोरीचे दहावीचे पेपर कसे गेले, वहिनींची पनवेलहून बदली झाली की अजून लटकलंच आहे? रजा कधी आहे ते कळव.

बोर्डाची मीटिंग दहा तारखेला आहे, त्याच्या आधी अण्णांना फोन झाला पाहिजे. संध्याकाळी सातनंतर लाव, तेव्हा ते मठातून आलेले असतात, चहा घेऊन निवांत.

तुझा,
नाना