विषय: ‘ओरिजिनल ब्राँझ’ सांगून रेझिनचा पुतळा पाठवलात, पैसे परत हवेत आणि लिस्टिंगही काढा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

नमस्कार. ऑर्डर नंबर, बिल आणि फोटो सोबत जोडलेत, त्यामुळे परत ‘कृपया ऑर्डर डिटेल्स शेअर करा’ असा ऑटोमॅटिक मेल पाठवू नका प्लीज.

तुमच्या साइटवर ‘रामकिंकर बैज, रवींद्रनाथ टागोरांचं व्यक्तिशिल्प, ओरिजिनल व्हिंटेज ब्राँझ, १९३८’ असं लिहिलं होतं म्हणून, शांतिनिकेतनच्या या मोठ्या शिल्पकाराचं काम समजून, मी ते घेतलं. फोटो एकच, तोही बाजूने काढलेला आणि निम्मा काळोखात, पण तुमच्याकडे ‘एक्स्पर्टने तपासलेलं’ असा शिक्का होता आणि त्या शिक्क्याचेच तर तुम्ही जास्तीचे पैसे लावता ना. बॉक्स उघडून शिल्प उचललं तेव्हाच कळलं की काहीतरी गडबड आहे, एवढ्या आकाराचं ब्राँझचं डोकं पोकळ असलं तरी असं एका हातात सहज येत नाही. टिचकी मारली तर धातूसारखा टणत्कार नाही, नुसतं ठक्क. कानामागून मानेपर्यंत साच्याची शिवण सरळ दिसतेय, ती घासायचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. तळाला चिकटवलेलं हिरवं वेल्वेट एका कोपऱ्यात आधीच सुटलेलं होतं, तिथून आत टॉर्च मारला तर फायबरची जाळी. आणि बॉक्समध्ये घासून जिथे टवका उडालाय तिथे आतून पिवळट पांढरं दिसतंय. ब्राँझवरचा पॅटिना म्हणजे धातूवर केमिकलने आणलेला रंग असतो, तो खरवडला तर खाली धातूच दिसायला पाहिजे. फाउंड्रीचा म्हणजे ओतकाम करणाऱ्या कारखान्याचा मार्क नाही, एडिशन नंबर म्हणजे कितवी प्रत तो आकडा नाही, सही तर नाहीच.

हे सगळं फोनवर सांगितलं तर तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर, ‘हे कोल्ड कास्ट ब्राँझ आहे, म्हणजे ब्राँझच झालं.’ अहो नाही. कोल्ड कास्ट म्हणजे रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या द्रवात, ब्राँझची पावडर कालवून साच्यात ओतलेलं, त्यात धातू वितळवतच नाहीत. वस्तू म्हणून ते वाईट नाही, पण मग तसं लिहा आणि त्याच भावात विका.

बरं, मटेरियल सोडा. हे रामकिंकरांचं कामच नाहीये हो! त्यांनी रवींद्रनाथांची दोन गाजलेली व्यक्तिशिल्पं केली. १९३८ च्या शिल्पात हुबेहूब चेहरा नाहीच, सगळं मोडून ठोकळ्या-खाचांतून उभं केलेलं, त्या काळात आपल्याकडे असं धाडस करणारे किती होते. दुसरं १९४१ च्या आसपासचं, कवीच्या शेवटच्या दिवसांतलं, मान झुकलेली, थकलेला म्हातारा माणूस, आणि माती चोपल्याच्या खुणा तशाच ठेवलेल्या. हंगेरीत बालाटनफ्युरेदला त्यांनी केलेला रवींद्रनाथांचा पुतळा बसवला, तिथेही ‘हे गुरुदेवांसारखे दिसत नाहीत’ म्हणून वाद झालाच. आणि तुम्ही पाठवलंय काय, तर गुळगुळीत गाल, विंचरलेली दाढी, चेहऱ्यावर मंद हसू. बक्षीस समारंभात देतात तसलं. त्याखाली रामकिंकरांचं नाव टाकायचं म्हणजे कमालच आहे.

सोबतच्या माहितीपत्रकाने तर हद्दच केली. ‘मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि नंतर लंडनला शिकलेले शिल्पकार’ असं छापलंय. रामकिंकर १९०६ साली बंगालमधल्या बांकुड्यात एका गरीब घरात जन्मले, १९२५ मध्ये शांतिनिकेतनला आले, नंदलाल बोसांकडे शिकले आणि पुढे तिथेच शिकवत राहिले. ब्राँझला पैसे नसायचे म्हणून सिमेंट आणि तिथली लाल खडी मिसळून त्यांनी उघड्यावर शिल्पं उभी केली, १९३८ चं ‘संथाल कुटुंब’ त्यातलंच आणि अजूनही शांतिनिकेतनातच आहे. म्हणूनच तर मला तुमच्या ‘ब्राँझ, १९३८’ वर आणखी प्रश्न विचारायचाय. त्यांची बरीच कामं आधी प्लास्टर किंवा सिमेंटमध्ये झाली आणि ब्राँझचे कास्ट, म्हणजे त्यावरून ओतलेल्या प्रती, नंतर निघाले, काही तर १९८० मध्ये ते गेल्यानंतर. म्हणजे मूळ शिल्पाचं साल आणि कास्टिंगचं साल वेगवेगळं लिहायला लागतं, कास्ट कोणी केला, कोणाच्या परवानगीने, कितवा, हे सांगायला लागतं. तुमच्या एक्स्पर्टला हे माहीत नसेल तर तो नक्की काय तपासतो? दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारातले यक्ष-यक्षी याच माणसाचे, १९७० चं पद्मभूषण मिळालेला माणूस, म्हणजे माहिती कुठे मिळत नाही अशातला पण भाग नाही.

तुमचं म्हणणं की ‘व्हिंटेज वस्तूंना रिटर्न नाही’. पसंत पडलं नाही म्हणून परत करत असतो तर ऐकलं असतं, इथे वर्णन एक आणि वस्तू भलतीच आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निकाल लावायचा असतो, मला अजून पोचही आलेली नाही.

मला पूर्ण पैसे परत हवेत, डिलिव्हरी आणि ‘तपासणी शुल्क’ धरून. कूपन किंवा वॉलेट क्रेडिट नको, ज्या अकाउंटमधून गेले तिथेच यायला पाहिजेत. परत नेण्याचा खर्च तुमचा. आणि ते लिस्टिंग काढा, कारण काल रात्रीपर्यंत तोच अर्धवट काळोखातला फोटो लावून ‘शेवटचा एकच पीस’ म्हणून ते परत विकायला ठेवलेलं दिसलं, आणि तो पीस तर माझ्या टेबलावर आहे! स्क्रीनशॉट जोडलाय. महिन्याच्या आत काही झालं नाही तर ग्राहकांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर (नंबर १९१५) आणि ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, कागद तयार आहेत.

पिकअपला येणाऱ्याला बॉक्स घेऊन यायला सांगा, तुमचा बॉक्स येतानाच फाटलेला होता, त्याचा फोटो डिलिव्हरीच्याच दिवशी पाठवलाय.

आपला,
एक ग्राहक