गिटार कुठंय म्हणालास ना

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू परत तेच म्हणालास, की रेडिओहेड हा आपला लाडका इंग्लिश रॉक बँड 1997 च्या 'ओके कम्प्युटर' अल्बमलाच संपला आणि त्यानंतरचा 'किड ए' म्हणजे तीन गिटारवाल्यांच्या बँडने गिटारी खाली ठेवून केलेला अल्बम. तेव्हा मला धड काही बोलता आलं नाही आणि मग रात्रभर तेच डोक्यात राहिलं, म्हणून लिहितोय. लांबेल, सावकाश वाच.

मी तीन रात्री ओळीने ऐकला तो, दिवे बंद, हेडफोन लावून, मोबाईल लांब. दहा ट्रॅक, पन्नासेक मिनिटं. पहिल्या गाण्यात कीबोर्डचे ते गोल गोल फिरणारे सूर आहेत ना, त्याचं आवर्तन दहा मात्रांचं आहे, मोजून बघ, म्हणूनच आपल्याला तेव्हा सारखं वाटायचं की समेवर यायला हा उशीर का करतोय. आणि त्यांचा गायक थॉम यॉर्कचा आवाज, ज्याच्यासाठी आपण त्यांचा आधीचा अल्बम 'द बेंड्स' ऐकून ऐकून झिजवला, तो इथे तुकडे तुकडे करून मागे उलटसुलट सोडलाय. पहिल्यांदा ऐकताना हे तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं होतं मलाही, खोटं नाही बोलत.

पण त्या माणसाची अवस्था बघ ना. 1997 नंतर टूर करून करून तो पार पिचला होता, गाणी सुचेनात, आणि आजूबाजूला जो तो त्यांच्याचसारखं वाजवायला लागलेला. त्या काळात तो अफेक्स ट्विन, ऑटेकर असलं इलेक्ट्रॉनिक ऐकत बसायचा, ज्यात माणसाचा गाणारा आवाजच नाही. मग पॅरिस, कोपनहेगन, ग्लॉस्टरशर, शेवटी ऑक्सफर्डचा स्वतःचा स्टुडिओ, असं महिनोन्महिने रेकॉर्डिंग चाललं. मला सगळ्यात जास्त भिडतं ते बाकीच्या चौघांचं. शाळेपासून एकत्र वाजवणारी पोरं ती, आणि आता एखाद्या गाण्यात तुझं कामच नाही म्हटल्यावर गप्प बसून ऐकायचं, तरी बँड सोडायचा नाही. मन्या, आपल्याला जमलं असतं का रे हे?

अल्बममधलं 'इडिओटेक' कसं झालं ते तर ऐकच. त्यांच्या गिटारवाल्या जॉनी ग्रीनवुडने मशीनवर पन्नासेक मिनिटं नुसतं खटपट करून ठेवलेलं, त्यातला मिनिटभराचाही नसेल एवढा तुकडा यॉर्कने उचलला आणि त्यावर गाणं उभं केलं. त्यातले ते चार कॉर्ड पॉल लान्स्की नावाच्या अमेरिकन संगीतकाराच्या सत्तरच्या दशकातल्या कम्प्युटर संगीतातले आहेत. म्हणजे कुणीतरी एवढ्या वर्षांपूर्वी करून ठेवलेली गोष्ट यांनी शोधून काढली, रीतसर विचारून घेतली, आणि आज लोक त्यावर नाचतात.

2 ऑक्टोबर 2000 ला इंग्लंडमध्ये आला अल्बम. सिंगल नाही, धड व्हिडिओ नाही, नुसत्या काही सेकंदांच्या क्लिपा, त्यात आधीच नॅपस्टरवर, म्हणजे इंटरनेटवर फुकट गाणी वाटणाऱ्या सेवेवर फुटलेला, तरीही ब्रिटनमध्ये एक नंबर आणि अमेरिकेतही एक नंबर, तिकडे तर त्यांचा पहिल्यांदाच. समीक्षक मात्र सरळ दोन बाजूंना. मेलडी मेकर या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने पाचपैकी दीड दिला, पिचफोर्क या अमेरिकन संगीत वेबसाइटने दहापैकी दहा. पुढे बेस्ट अल्टरनेटिव्हचं ग्रॅमी मिळालं, दशक संपताना रोलिंग स्टोन आणि पिचफोर्क दोघांनीही दशकातला पहिला नंबर दिला, ते सगळं ठीक आहे.

मला अडवून ठेवलं ते निक हॉर्नबी या इंग्लिश लेखकाने. न्यूयॉर्करमध्ये त्याने साधारण असं लिहिलं होतं की हा अल्बम जो धीर मागतो तो सोळा वर्षांच्या पोराकडे असतो, कामधंद्याला लागलेल्या थकलेल्या माणसाकडे नसतो. तेव्हा मला राग आला होता याचा. आता वाटतं बरोबरच म्हणत होता बिचारा, आपण दोघं तीच थकलेली माणसं झालो की. फक्त त्याला एक माहीत नसावं, की थकलेल्या माणसालाच हा जास्त लागतो. ते चौथं गाणं, ज्यात एका जुन्या चर्चमध्ये रेकॉर्ड केलेली व्हायोलिनं शेवटी हळूहळू चढत सगळं बुडवून टाकतात, ते मला विशीत नुसतं सुंदर वाटायचं. परवा मी ते संपल्यावर उठूच शकलो नाही. आणि सगळ्यात शेवटी जी पायपेटी वाजते, भात्याच्या हवेचा आवाज आहे तिच्यात, त्या गाण्याबद्दल मी काही लिहीत नाही, भेटलास की बोलू.

आता तुझा प्रश्न. पाचवा ट्रॅक आठव, 'ट्रीफिंगर्स'. शब्द नाही, ठेका नाही, नुसतं धुक्यासारखं काहीतरी पावणेचार मिनिटं पसरत जातं. हाच तू नेहमी पुढे ढकलायचास, सिंथचा फापटपसारा म्हणून. मन्या, ती गिटार आहे. त्यांच्या तिसऱ्या गिटारवाल्याची, एड ओब्रायनची. तुझ्या एडची! त्याने वाजवलेले तुकडे घेऊन, ताणून, लूप करून तो अख्खा ट्रॅक बनवलाय. हे कळल्यावर मी परत लावला आणि एका ठिकाणी, अगदी एका ठिकाणी, मला तारेवरचं बोट ऐकू आल्यासारखं वाटलं. भासही असेल. तू ऐक, तुझे कान या बाबतीत माझ्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत. आणि ऐकलंस की किती का वाजले असेनात, फोन कर.

तुझाच,
अव्या